पुराच्या गावात आपत्ती स्वयंसेवकांचे पथक उभे करताना प्रशिक्षण कशाचे आणि कसे द्यावे?

नदीकाठचा_ग्रामस्थ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या बेचक्यात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत गावाला पाण्याचा वेढा पडला आणि २०२४ च्या जुलैअखेरीसही अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले. २०१९ मध्ये बाहेरची मदत पोहोचेपर्यंत जे काही झाले ते गावातल्या तरुणांनीच केले. गुऱ्हाळाच्या काहिली, ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि रिकामे कॅन बांधून केलेले तराफे यांवरून त्यांनी माणसे बाहेर काढली. गावाला त्याचा अभिमान आहे, परंतु तेव्हा निभावले म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असे धरून चालणे बरोबर नाही, हे आता बहुतेकांना पटले आहे.

ग्रामपंचायत, तरुण मंडळे आणि महिला बचत गट यांनी मिळून स्वयंसेवकांचे कायमचे पथक उभे करायचे ठरवले आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली असून तिच्यातून इंजिनाची एक बोट आणि लाइफ जॅकेट घ्यावीत, असा बहुसंख्य तरुणांचा आग्रह आहे. काही वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे, की आधी शिकवावे आणि मग वस्तू घ्याव्यात. शिकवायचे तर नेमके काय, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नीट नाही. एका संस्थेने येऊन एका दिवसाचे शिबिर घेतले. त्यात भाषणे झाली, प्रमाणपत्रे वाटली गेली, सर्वांचे एकत्र छायाचित्र निघाले आणि त्यानंतर कोणाच्या काही लक्षात राहिले नाही.

म्हणून या क्षेत्रात काम केलेल्यांना विचारतो. पथकात कोणाला घ्यावे आणि पहिल्यांदा काय शिकवावे? शासनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेचा आम्हाला काही उपयोग होईल का? मदत करताना स्वयंसेवकालाच काही झाले तर जबाबदारी कोणाची? आणि शिकलेले टिकून राहावे यासाठी काय करावे लागते? आमच्यासारख्या गावाला झेपेल असेच सांगावे, ही विनंती.

निवृत्त_अग्निशामक

बोटीचे आधी सांगतो, कारण वर्गणी हातात असल्यामुळे तुमचा निर्णय तिथेच अडकलेला दिसतो. बोट शेवटी घ्या.

याचे कारण तुमच्या नद्यांच्या स्वभावात आहे. कोकणातल्या नदीसारखे पाणी तुमच्याकडे घटकेत अंगावर येत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. इशारा पातळीपासून धोका पातळीपर्यंत पाणी चढायला बहुधा बरेच तास लागतात आणि त्यापुढे ते घराघरांत शिरायला आणखी वेळ जातो. हे तास म्हणजे तुमच्या पथकाची खरी कामाची वेळ होय. या वेळेत माणसे आणि जनावरे कोरड्या पायांनी बाहेर पडली, तर बोटीची गरज अगदी थोड्यांना उरते. ते तास ‘२०१९ एवढे काही येत नाही’ असे म्हणण्यात गेले, तर चार बोटी असल्या तरी पुरणार नाहीत.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला भाग पाण्यात न घेता गावातल्या गल्ल्यांमधून घ्यावा. स्वयंसेवकांनी जुन्या माणसांना बरोबर घेऊन फिरावे आणि कोणत्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते, बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट असताना गावाचा कोणता रस्ता बंद झाला, हे विचारून भिंतींवर आणि खांबांवर ऑइलपेंटने खुणा कराव्यात. बहुतेक गावांत घरे बुडण्याच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो, आणि लोक मात्र घराच्या उंबऱ्याकडे पाहत बसतात. तुमच्या गावाचा शेवटचा रस्ता कोणत्या आकड्याला बंद होतो, हे पथकातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. त्या आकड्याच्या किती आधी घरे रिकामी करायला सुरुवात करायची, हे उन्हाळ्यातच ठरवून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. पावसात, रात्री, पोरांनी दारोदार जाऊन समजूत घालत बसण्यापेक्षा ‘ग्रामसभेत ठरले आहे’ एवढे वाक्य फार उपयोगी पडते.

त्यानंतर गल्लीवार यादी. अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे राहणारे वृद्ध कोण, डायलिसिसला कोण जाते, बाळंतपणाची तारीख कोणाची जवळ आली आहे, हे सर्व आशासेविकेच्या नोंदवहीत बऱ्याच प्रमाणात आधीच असते. त्यामुळे आशासेविका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि कोतवाल हे पथकाचे सल्लागार म्हणून नकोत, पहिले सदस्य म्हणून हवेत. प्रत्येक गल्लीला दोन स्वयंसेवक नेमावेत आणि त्यांतील किमान एक स्त्री असावी. घरातल्या सुनेला किंवा आजीला ‘चला’ म्हणायला अनोळखी जॅकेटवाल्या तरुणापेक्षा ओळखीच्या बाईचा शब्द अधिक चालतो.

जनावरांचा विचार न करता आखलेले कोणतेही स्थलांतर तुमच्या भागात फसते. गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या असताना घरधनी बाहेर पडणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, कारण घराचा महिना त्या दुधावर चालतो. म्हणून जनावरे माणसांच्या आधी, इशारा पातळीलाच हलवावीत. ती कोणत्या गावी, कोणाच्या शेतात बांधायची, चारा कोण देणार, कोणाची ट्रॉली किती वाजता कोणत्या गल्लीत येणार, हे ठरवणे हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे. अगदीच वेळ उरली नाही तर निदान दावी सोडून द्यावीत, एवढे तरी घरोघर सांगून ठेवावे.

आता पाण्यातल्या कामाकडे येतो. पोहता येणे आणि बुडणाऱ्याला वाचवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून क्रम असा शिकवतात: आधी काठावरून काठी, बांबू किंवा कासरा पुढे करावा, तो पोहोचत नसेल तर दोर अथवा तरंगणारी वस्तू फेकावी, तेही जमले नाही तर बोट, आणि स्वतः पाण्यात उतरणे हा अखेरचा उपाय, तोही अंगात जॅकेट आणि काठावर दुसरा माणूस असेल तरच.

दोर फेकण्याचा सराव मात्र हात बसेपर्यंत करून घ्या. दोर पॉलिप्रॉपिलिनचा घ्यावा, कारण तो पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. साधारण पंधरा ते वीस मीटर दोर कापडी पिशवीत वेटोळे न घालता, वरून कोंबत भरायचा म्हणजे फेकताना गुंता होत नाही. मोकळे टोक एका हातात घट्ट धरून, पण मनगटाला किंवा कमरेला न बांधता, पिशवी खालून वर झोका देऊन माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. त्याने दोर धरताच फेकणाऱ्याने खाली बसावे आणि टाचा रोवाव्यात. ओढण्याची घाई करू नये, कारण प्रवाहच त्याला काठाच्या दिशेने वळवून आणतो. पहिल्या फेकीत दोर चुकला तर पिशवी पुन्हा भरत बसायचे नसते. हाताने सैल गोळा करून लगेच फेकायचा असतो, आणि सराव या दुसऱ्या फेकीचाच अधिक लागतो.

बोट कधी घेतलीच, तर तिच्याबरोबर शिस्तही विकत घेतली आहे असे समजा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून जी जीवितहानी झाली, ती आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. पाणी वाढत असताना काठावर उभ्या असलेल्या बाईला ‘पुढच्या फेरीला या’ म्हणणे फार अवघड असते. म्हणून बोटीत किती माणसे, हा आकडा बोटीच्या बाजूवर ठळक रंगवावा, नावाड्याचा शब्द अंतिम मानावा, आणि जॅकेट काठावरच घातल्याशिवाय कोणाला पाय ठेवू देऊ नये. पाण्याखाली गेलेल्या विजेच्या तारा, कुंपणे आणि उसाचे फड यांवरून बोट नेणे धोक्याचे असते. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद झाल्याची खात्री वायरमनकडून झाल्याशिवाय बोट गल्लीत घालायची नाही. पाण्याखालच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर नेण्यावर तर पथकाने सरळ बंदी घालावी. २०२४ मध्ये तुमच्याच तालुक्यात अकिवाटजवळ असा ट्रॅक्टर उलटून माणसे वाहून गेली. रस्ता रोजचा पायाखालचा असतो, हाच त्यातला मोठा धोका आहे.

परिचारिका_मिरज

वरील प्रतिसादातील जवळपास सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. प्रथमोपचाराबद्दल थोडे लिहिते, कारण शिबिरांत हा भाग बहुधा सर्वांत घाईने उरकला जातो. पंख्याखाली बसलेल्या पन्नास जणांसमोर एक पुतळा ठेवायचा, दोघांनी त्याची छाती दाबून पाहायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

छातीदाब प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, पूर्ण दोन मिनिटे करून पाहिला पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसात निदान पाच सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे ऐकायला सोपे असले तरी दीड मिनिटात खांदे भरून येतात आणि दाब उथळ होतो. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे त्या वेळी आपोआप कळते. बुडालेल्या माणसाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवावा लागतो: त्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग ३० दाबांमागे २ श्वास असे चालू ठेवायचे. पोट दाबून पाणी काढणे, पाय धरून उलटे लटकवणे किंवा गरगर फिरवणे हे प्रकार अजून आपल्याकडे होतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोकाही असतो. जो श्वास घेत आहे पण शुद्धीवर नाही, त्याला कुशीवर वळवून ठेवावे, ओल्या कपड्यांतून बाहेर काढून कोरड्यात गुंडाळावे आणि १०८ ला कळवावे. बुडता बुडता वाचलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, कारण काही तासांनंतर श्वास अडचणीत येऊ शकतो.

दुसरा विषय सापांचा. पाणी चढले की साप माळ्यावर, झाडावर, निवारा केंद्राच्या कोपऱ्यात, मिळेल त्या कोरड्या जागी येतात. दंश झालेल्या जागी चिरा देणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर बांधावा, माणसाला चालवू नये आणि विषप्रतिबंधक लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो, त्यामुळे तो डास किंवा किडा चावल्याचा भास होऊन दुर्लक्षित राहतो. शाळेत जमिनीवर झोपलेल्या माणसाने पहाटे पोटात दुखते, घशात अडकल्यासारखे होते किंवा पापण्या जड झाल्या असे सांगितले, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, त्याला हलवावे. तो साप शोधत बसण्याची गरज नाही. कोणत्या रुग्णालयात लस आहे आणि रस्ता बंद झाल्यास दुसरे कोणते, हे पावसाळ्यापूर्वी फोन करून विचारून ठेवावे.

पूर ओसरल्यानंतरचे काम कमी दिसते, पण ते अधिक दिवस चालते. विहिरी आणि टाक्यांत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकल्यावर, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी चाचणी कशी करायची, हे जलसुरक्षकाकडून पथकातल्या चार-पाच जणांनी तरी शिकून घ्यावे, कारण ऐन वेळी तो जलसुरक्षक स्वतःच्या घरातला चिखल उपसत असू शकतो. चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाने गमबूट घालावेत. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात, म्हणून अशा माणसाला घरगुती गोळीवर न ठेवता लगेच आरोग्य केंद्रात पाठवावे. प्रतिबंधक औषध कोणी घ्यायचे, हे आरोग्य कर्मचारीच सांगतील.

निवारा केंद्रातील स्वच्छतागृहाचा प्रश्न पुरुष मंडळींच्या आराखड्यात बहुतेक वेळा नसतो. रात्री स्त्रियांना जायला उजेड आहे का, दाराला कडी आहे का, सॅनिटरी पॅड कोणाकडे मागायचे, बाळाला पाजायला आडोसा आहे का, याची जबाबदारी नावानिशी एखाद्या स्त्री-स्वयंसेवकाकडे असावी. या सोयी नाहीत म्हणून मुलींना घेऊन माळ्यावरच थांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

सह्याद्री_पायवाट

मी रायगड जिल्ह्यातला, डोंगराखालच्या वस्त्यांत काम करणारा आहे. वरील सल्ला कृष्णाकाठाला अगदी योग्य आहे. फक्त हा धागा वाचून कोणी डोंगरातल्या गावाने तसाच आराखडा उतरवून घेऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. आमच्याकडे तास मिळत नाहीत.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा बाहेरच्या जगाला ती बातमी एसटीच्या चालकामुळे कळली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली तेव्हा खाली महाड शहरच पाण्यात होते आणि रस्ते तुटलेले होते, त्यामुळे पथके तेथे दुसऱ्या दिवशी पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत तर यंत्र नेण्याजोगी वाटच नव्हती. स्थानिक गिर्यारोहक आणि बचाव पथके पावसात, चिखलात डोंगर चढून गेली आणि त्या चढणीवर एका अग्निशमन अधिकाऱ्याला हृदयविकाराने मृत्यू आला. अशा ठिकाणी स्वयंसेवकाचे मुख्य काम पाऊस सुरू असतानाच वस्ती रिकामी करणे हे असते. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, या खुणा ओळखायला शिकवणे हेच तेथले पहिले प्रशिक्षण आहे.

तुमच्या पथकालाही उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगतो. घरनिहाय माणसांची यादी गावाबाहेर, दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा, आणि आज रात्री कोण घरी आहे, कोण पाहुणा आला आहे, कोण कामाला बाहेरगावी गेला आहे, याची नोंद पावसाळ्याच्या धोक्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी करा. ढिगाऱ्याखाली नेमके किती जण आहेत हे ठाऊक नसल्यामुळे शोध किती दिवस चालवायचा हेच ठरत नाही, आणि मुंबईला गेलेल्या माणसाचा शोध चिखलात घेतला जातो.

गणवेश आणि ओळखपत्रांबद्दल माझे मत कडू आहे. जॅकेट मिळाले की काही मुलांना आपण सैनिक झालो असे वाटू लागते आणि ती गर्दी हटवायला काठी घेऊन उभी राहतात. निवड करताना पोहण्यापेक्षा स्वभाव पाहा. सांगितल्यावर थांबणारा मुलगा घ्या.

तहसील_कर्मचारी

योजनेविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये पूरप्रवण जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि नंतर ती देशातील ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी वाढवण्यात आली. त्यात १८ ते ४० वयोगटातील निवडक स्वयंसेवकांना १२ दिवसांचे निवासी प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याचा संच आणि विमा संरक्षण अशी तरतूद होती. एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइड यांच्यातील तरुणांसाठी ‘युवा आपदा मित्र’ ही वेगळी योजना आहे. तुमच्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे लेखी विचारावे. पत्र ग्रामपंचायतीच्या ठरावासह गेले तर अधिक बरे.

माझा व्यवहारी सल्ला असा, की सर्व पथकाला या प्रशिक्षणाला पाठवण्याचा हट्ट धरू नये. बारा दिवस घर आणि शेत सोडून जाणे सर्वांना जमत नाही. चार-पाच जण पाठवावेत आणि त्यांनी परत येऊन बाकीच्यांना शिकवावे, अशी अट आधीच घालावी. जिल्ह्यातच कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारखी वर्षानुवर्षे बचावकार्य करणारी स्वयंसेवी पथके आहेत. त्यांच्याकडून सराव घेता येईल का, हेही विचारावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे आणि पावसाळ्याच्या सुमारास तिच्या तुकड्या आपल्या भागात तैनात होतात, तेव्हा प्रात्यक्षिकांची विनंती जिल्हा प्रशासनामार्फत करता येते.

जबाबदारीचा प्रश्न टाळू नये. ज्यांना योजनेखाली विमा मिळालेला नाही, त्यांचा अपघात विमा वर्गणीतून काढणे हा बोटीच्या आधीचा खर्च मानावा. पथकाच्या सदस्यांची नावे ग्रामपंचायतीच्या ठरावात घालून त्याची प्रत तहसीलदारांकडे आणि पोलीस ठाण्यात द्यावी, म्हणजे ऐन वेळी ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न उद्भवत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ नुसार स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकारी व कर्मचारी आपत्ती व्यवस्थापनासाठी प्रशिक्षित असल्याची खात्री करणे अपेक्षित आहे आणि पंचायती त्या व्याख्येत येतात. तेव्हा ग्रामपंचायत या कामात कृपा म्हणून सहभागी होत आहे, असे कोणी समजू नये.

त्याच अधिनियमाचे कलम ५४ तर स्वयंसेवकांना वाचूनच दाखवावे. आपत्तीविषयी घबराट पसरवणारा खोटा इशारा देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. ‘धरण फुटले’ हा संदेश जवळजवळ प्रत्येक पुरात मोबाइलवर फिरतो. पथकातल्या कोणीही जिल्हा नियंत्रण कक्षाशी, म्हणजे १०७७ वर, खातरजमा केल्याशिवाय एकही संदेश पुढे पाठवू नये, हा नियम पहिल्याच बैठकीत करावा.

नदीकाठचा_ग्रामस्थ

सर्वांचे मनापासून आभार. हे प्रतिसाद छापून आम्ही मंडळाच्या बैठकीत वाचले. बोट लांबणीवर टाकण्याच्या सूचनेवर तरुणांची नाराजी झाली, परंतु शेवटचा रस्ता कोणत्या पातळीला बंद होतो या प्रश्नाला बैठकीतच पाच जणांनी पाच वेगळे आकडे सांगितले, त्यानंतर वाद आपोआप थंडावला. येत्या रविवारी खुणा करायला सुरुवात करतो आहोत. आशासेविका ताईंनी यादीचे काम आनंदाने स्वीकारले. फक्त आजारांची माहिती चावडीवर लावू नये, ती दोघा-तिघांकडेच राहावी, असे त्यांनी बजावले आहे आणि ते योग्यच आहे.

दोन शंका राहिल्या. आमच्याकडे नदीवर हयात गेलेले नावाडी आहेत, पण त्यांचे वय पन्नास-साठच्या पुढे आहे आणि योजनेच्या वयोमर्यादेत ते बसत नाहीत. त्यांचे स्थान काय असावे? दुसरे असे, की सराव घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? शाळेतल्या शिबिरात जसे शिट्टी वाजल्यावर सगळे धावतात, तसे नको आहे.

निवृत्त_अग्निशामक

वयोमर्यादा योजनेची आहे, तुमच्या पथकाची नाही. कोणत्या वळणावर भोवरा धरतो, पाणी चढताना ओढ कुठे लागते आणि उतरताना कुठे, केंदाळ (जलपर्णी) कोणत्या कोपऱ्यात साचून इंजिनाच्या पंख्यात अडकेल, हे त्या नावाड्यांना ठाऊक असते आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला नसते. त्यांना शिकणारे म्हणून बसवू नका. पाण्यातल्या सरावाच्या दिवशी जागा निवडण्याचा आणि ‘आज पाण्यात उतरायचे नाही’ असे सांगण्याचा अधिकार त्यांना द्या. जॅकेट घालायला ते सुरुवातीला नाखूश असतील. त्यांनी घातले की तरुणही घालतात, म्हणून एवढा आग्रह मात्र सोडू नका.

सरावाबद्दल सांगायचे तर पहिला मे महिन्यात, दिवसा घ्यावा आणि तो एकाच गल्लीचा असावा. सकाळी फलकावर इशारा पातळीचा आकडा लिहायचा आणि तेथून घड्याळ लावायचे. यादीप्रमाणे प्रत्येक घरी जायचे, जनावरे खरोखर सोडून ट्रॉलीत चढवायची आणि अंथरुणावरच्या एखाद्या आजोबांना, त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने, प्रत्यक्ष रस्त्यापर्यंत न्यायचे. बाज गल्लीच्या वळणावर अडकते, हे कागदावर कधीच कळत नाही. तिथे मग हात असलेली मजबूत खुर्ची घेऊन, एकाने पाठीमागून आणि एकाने खुर्चीचे पुढचे पाय धरून उचलायचे, पुढचा चालताना समोर पाहणार आणि पायरी आली की मागच्याला मोठ्याने सांगणार, या गोष्टी तेव्हाच बसतात. ट्रॉलीत न चढणारी म्हैसही तेव्हाच कळते.

दुसरा सराव जूनच्या आरंभी, रात्री आणि वीज बंद ठेवून घ्यावा, आणि त्यात दोन अडथळे संयोजकांनी कोणालाही न सांगता घालावेत. उदाहरणार्थ, अर्ध्या तासाने सर्वांचे मोबाइल काढून घ्यायचे आणि पथकप्रमुखाला बाजूला बसवायचे. निरोप पायी कोण नेणार आणि प्रमुखाची जागा कोण घेणार, हे आधी ठरलेले असेल तर काम चालू राहते, नसेल तर गोंधळ होतो, आणि तो मेमध्ये-जूनमध्ये झालेला बरा. म्हणून प्रत्येक कामाला दोन माणसे नेमा. तुमची निम्मी मुले शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर जाणार आहेत हे गृहीत धरा, आणि दरवर्षी दहावी-बारावी झालेली नवी मुले-मुली घ्या. मात्र अठरा वर्षांखालील कोणालाही पाण्याच्या कामाला लावू नका.

हुकूम एकाचाच चालावा, परंतु ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना असावा. सगळ्यात लहान स्वयंसेवकाला तार लोंबकळताना दिसली आणि तो ‘थांबा’ ओरडला, तर सर्वांनी आधी थांबायचे आणि मग विचारायचे. सराव संपल्यावर त्याच ठिकाणी, चहा येण्याआधी, काय अडले तेवढेच बोलायचे आणि एका वहीत तारखेसह लिहायचे. पुढच्या सरावाची सुरुवात त्या वहीतल्या अडचणींपासून करायची.

वर्गणीतून या वर्षी विमा, प्रत्येकाला मापाचे जॅकेट, गमबूट, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, सात-आठ दोरांच्या पिशव्या, एक हातभोंगा आणि छातीदाबाच्या सरावासाठी एक पुतळा एवढे घ्यावे. उरलेली रक्कम बँकेत ठेवून बोटीचा विचार पुढच्या पावसाळ्यापूर्वी करा. तेव्हाही किंमत विचारताना इंजिनाची दरवर्षीची देखभाल, इंधन आणि पावसाळा सोडून उरलेल्या काळात ती ठेवायला छप्पर, या तिन्हींचा खर्च त्यातच धरून विचारा.